कोरी चिठ्ठी

संग्रहालयातल्या पेंढा भरलेल्या प्रत्येक पक्ष्याच्या पायाला हाताने लिहिलेली चिठ्ठी होती. तिच्यावर नाव, ठिकाण आणि मेल्याची तारीख. शाई उडालेली असली तरी चिठ्ठ्या वाचणारं मशीन उरलेल्या अक्षरांवरून बाकीचं भरायचं, आणि ते कधी चुकलं नव्हतं.

रोज सकाळी त्याचा कॅमेरा तपासायला कोऱ्या चिठ्ठीवर स्वतःचं नाव लिहून मशीनला दाखवायची पद्धत होती. उन्हाळ्यात पक्षी विभागातल्या पागनीसांनी नाव लिहिलं, तेव्हा मशीनने ठिकाण भरलं वरंधा घाट आणि तारीख येत्या रविवारची. सगळे हसले. रविवारी पागनीसांची गाडी तिथेच दरीत गेली.

तेव्हापासून त्यांची सहकारी मृणाल टिपणीस मनाला येईल ते खोटं नाव लिहायची. खोट्या नावापुढचे रकाने मशीन रिकामे सोडायचं.

आज तिने लिहिलं, मार्तंड अडसुळे. मशीनने रकाने भरले. ठिकाण, पक्षी विभाग. तारीख आजची.

ती पडद्याकडे बघत असतानाच दार वाजलं. हत्यारांची पेटी घेतलेला एक घामाघूम माणूस दारात उभा होता.

“मॅडम, मी अडसुळे. एसी बिघडलाय म्हणून फोन होता.”

“मार्तंड?” तिच्या तोंडून निघून गेलं.

“हो. तुम्हाला कसं ठाऊक?”

“आज काम नाही. तुम्ही आत्ताच्या आत्ता इथून जा.”

“जातो की,” पेटी खाली ठेवत तो म्हणाला. “फक्त पाच मिनिटं टेकू द्या. जिने चढून आलो, छातीत जरा कसंतरीच होतंय.”