करवतीची किल्ली
आमच्या निवृत्तांच्या वसाहतीतल्या सुतारकाम क्लबचा रिवाज आहे. सभासदाचे हात थरथरू लागले, की यंत्रकरवतीची किल्ली त्याच्या सगळ्यात जवळच्या मित्राने मागून घ्यायची. मित्रांच्या किल्ल्या मागून मागून मी थकलो होतो, आणि आज वेंडेलची पाळी होती. अ‍ॅरिझोनाच्या उन्हातून गोल्फगाडी हाकत क्लबाच्या कारखान्यात पोचलो, तर तो पणतवासाठी डुलता घोडा करत होता. "आलास, लायल? तोंडावरूनच कळलं." "घोड्याचे पाय मी कापून देतो." "आणि मी काय, बायकांच्या गोधडी क्लबात बसू? तिथंही सुई ओवायला लावतात, लेका!" हसू दोघांनाही आलं नाही. करवतीतली किल्ली काढून त्याने ती माझ्या तळहातावर ठेवली. तिला अडकवलेला पितळी बिल्ला किणकिणू लागला, थांबेचना. पलीकडच्या बाकांवर काम करणाऱ्यांच्या माना वळल्या. वेंडेलने माझ्या हाताकडे पाहिलं आणि आपल्या थरथरत्या बोटांनी माझी मूठ हळूच मिटली.