रोज रात्री सिडनीहून फोन

"ते सिडनीला गेलेत," ओक-ही म्हणाली आणि दार आणखी थोडं पुढे लोटलं.

दारातला करड्या रेनकोटमधला माणूस हलला नाही. "प्राध्यापक प्यो इन-ह्वान? सिडनीला? नक्की?"

"माझा नवरा आहे तो. कुठे गेलाय हे मला ठाऊक नसणार का?"

"तसं नाही, बाई. काल सकाळी आमची भेट ठरली होती, म्हणून..." तो अडखळला. "पोचल्यावर बोलणं झालं का तुमचं?"

"झालं की. काल रात्रीच फोन आला होता. आपण कोण?"

"ओळखीचा आहे," एवढंच म्हणून तो वाकला आणि जिना उतरून गेला.

ओक-हीने कडी लावली, वर साखळीही लावली.

नवरा सिडनीला गेलेला नव्हता. दर शरदात देशाच्या विद्यापीठ-प्रवेशपरीक्षेचे पेपर काढणारी माणसं अशीच नाहीशी होतात. कुठल्याशा बंद इमारतीत त्यांना कोंडतात, फोन काढून घेतात, स्वयंपाकघरातला कचरासुद्धा उलटापालटा करून मग बाहेर टाकतात. परीक्षेचा शेवटचा पेपर संपला की सुटका. तोवर घरच्यांनी सांगायचं, परदेशी गेलेत. एक शब्द निसटला तर नोकरी जाईल आणि वर तुरुंग. यंदाचं इन-ह्वानचं तिसरं वर्ष. खोटं बोलायला ओक-ही आता सरावली होती, पण आजवर कोणी दारात येऊन उभं राहिलं नव्हतं.

काल पहाटे तो मागच्या टेकडीवरून उतरून गेला होता. पावसात ती वाट खचली होती, आडवी दोरी बांधली होती.

"अहो, बंद आहे ना ती वाट!"

"दहा मिनिटांत खाली रस्त्याला लागतो. पुढच्या दाराने गेलो तर समोरची सोल-आची आई विमानाच्या तिकिटाचा नंबर विचारेल."

स्वयंपाकघराच्या खिडकीतून तिने पाहिलं, तर साहेब बॅग डोक्यावर घेऊन दोरी ओलांडत होते. तिला हसू आलं होतं.

आता हसू कुठलं! तिने बुटांचा खोका काढला. त्यात इन-ह्वानची कार्डं होती, हजार-दीड हजार तरी. इंग्रजी क्रियापदांना मागून चिकटणारे इवलेसे शब्द, अप, ऑफ, आउट, आफ्टर, हा त्याचा आयुष्यभराचा नाद. प्रत्येक कार्डावर घरगुती वाक्यं. परीक्षेत यातलीच येत असतील तर? तिने खोका प्लास्टिकमध्ये गुंडाळला आणि किमचीच्या, म्हणजे आंबवलेल्या कोबीच्या, वरून झाकण उघडणाऱ्या फ्रिजमध्ये तळाशी, कोबीच्या डब्याखाली दडवला.

एकच कार्ड दुसऱ्या, मोठ्या फ्रिजच्या दारावर राहिलं. ते तिच्यासाठी होतं. जाण्याच्या आदल्या दिवशी इन-ह्वानने समजावलं होतं, "लुक म्हणजे बघणं. मागे आफ्टर लावलं की झालं सांभाळणं. फॉर लावलं की शोधणं. मी नसताना तू पहिलं करायचं. घर सांभाळ आणि तोंड सांभाळ."

आठवड्याने फोन वाजला. तोच आवाज. "माफ करा, प्राध्यापकांचा फोन येतो ना?"

"रोज रात्री येतो! पुन्हा विचारलंत तर पोलिसांत देईन."

"नको, नको. एवढंच हवं होतं."

त्या रात्री तिला झोप लागली नाही. कोणीतरी पेपरातल्या प्रश्नांसाठी पाळत ठेवून होतं. नवऱ्याला फोन लावावा तर तो बंद, आणि बंदच असणार हे तिला ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी समोरच्या दारातली सोल-आची आई कुत्र्याला घेऊन आत शिरली. तिची मुलगी यंदा परीक्षेला होती.

"अगं, किमची संपली माझी. वाटीभर दे ना." तिचा हात फ्रिजच्या झाकणाकडे गेलाही.

"थांब, मी देते!"

"केवढ्यानं ओरडलीस! खाली सोनं पुरलंयस का? आणि काय गं, तुझा नवरा दर शरदात सिडनीलाच कसा जातो? दुसरी चूल मांडलीय की काय तिथे?"

"मांडली असेल तर सुटले, बाई."

"जाता जाता माझ्या पोरीला चार वाक्यं तरी सांगून जायचं." ती हसली, पण डोळे फ्रिजवरच होते. मग तिने कुत्र्याचा पट्टा ओढला. "आणि हा दुबू, मेला! फिरायला नेला की मागच्या टेकडीकडेच ओढतो. दोरीपाशी बसून रडतो."

"मांजर असेल," ओक-ही म्हणाली. रेनकोटवाल्याला हिनेच पाठवलं असणार, अशी तिची खात्री झाली होती. झाकणावर दाबून ठेवलेला आपला हात तिने काढला नाही.

अडतीस दिवस तिने असे काढले. जिन्यात पाऊल वाजलं की ती जाऊन साखळी तपासायची.

परीक्षेच्या दिवशी दुपारी इंग्रजी ऐकण्याच्या पेपराला आवाज नको म्हणून विमानं थांबली, आकाश गप्प झालं. देशभरची पोरं इन-ह्वानची वाक्यं ऐकत असतील, या विचाराने तिचे डोळे भरून आले. खोका सुखरूप होता. तोंडून एक शब्द निसटला नव्हता. संध्याकाळी तिने मुळा घालून बांगडा शिजवला आणि दोन वाट्या मांडल्या.

पावणेसातला घंटी वाजली. ती धावली. "बॅग तिथेच ठेवा, आधी हात धुवा," म्हणत तिने दार उघडलं.

करडा रेनकोट. आज गळ्यात परीक्षा समितीचा बिल्ला होता. त्याने कमरेतून वाकून दोन्ही हातांनी एक कागद पुढे केला.

"तेव्हा ओळख सांगायची मुभा नव्हती, माफ करा. प्राध्यापकांच्या जागी आम्हाला दुसऱ्यांना घ्यावं लागलं. ते परतले की यावर सही हवी."

"त्यांच्या जागी?"

मागच्या बाजूला दुबू भुंकत होता.

"त्या दिवशी ते आलेच नाहीत, बाई. आम्ही पोलिसांत जाणार होतो. पण तुम्ही म्हणालात रोज रात्री फोन येतो, म्हणून मग शोधलंच नाही."