नवव्या दिवशी

एसटीतून उतरल्यावर बन्सीधरने खिशातलं कार्ड पुन्हा वाचलं. चंद्रभानचं अक्षर कॉलेजात होतं तसंच, मुंग्यांसारखं. ‘धुरपतामावशीनं अंथरूण धरलं आहे. तुला एक गोष्ट विचारायची म्हणते. येऊन जा.’

ती काय विचारणार, हे त्याला ठाऊक होतं. माझा सिनेमा कुठं हाय? सहा वर्षं तो याच प्रश्नाला भीत होता.

झरीच्या पुढे दोन कोसांवर हे गाव. त्र्याहत्तरच्या मे महिन्यात दोघं इथे सिनेमा काढायला आले होते. तीन मिनिटांचा. मानवतच्या फोटोवाल्याने चावीचा कॅमेरा दिला होता, मुंबईहून एक रीळ आणलं होतं. गोष्ट साधी होती. दुष्काळात एक म्हातारी विहिरीचं पाणी शेंदते आणि अनोळखी वाटसरूला पाजते.

गावात पाणी राहिलेली विहीर एकच, बन्सीधरच्या काकांची. व्यंकटरावांची. वस्तीवरच्या बौद्धांनी त्या विहिरीला हात लावायचा नाही, हा गावाचा रिवाज. वस्तीच्या बाया नदीपात्रातल्या झिऱ्याजवळ पहाटेपासून बसायच्या आणि वाटी वाटी पाणी भरायच्या.

“काकू राहतील का उभ्या कॅमेऱ्यापुढं?” बन्सीधरने विचारलं होतं.

व्यंकटराव भडकले. “आपल्या घरच्या बाया सिनेमात? अक्कल हाय का तुला?”

“मंग माझी धुरपतामावशी राहील. वस्तीवरचीच हाय,” चंद्रभान हळूच म्हणाला.

व्यंकटरावांनी विचार केला. कॉलेजचा सिनेमा, त्यात आपली विहीर, झालंच तर आपणही. “राहू दे तिला. सिनेमाच हाय, खरं थोडंच हाय?”

दुसऱ्या दिवशी ते फेटा बांधून हजर. गावही आलं. कॅमेरा घर्रर्र वाजायला लागला की सगळे पोट आत घेऊन उभे राहायचे. विहीर बाटली म्हणून कुरकुर करायची, तर ती पडद्यावर दिसेल ही धास्ती.

पहिल्याच दुपारी बन्सीधरने माती खाल्ली. रीळ किती उरलंय बघायला त्याने भर उन्हात कॅमेऱ्याचं झाकण उघडलं. उघडल्यावर आठवलं, रिळाला उजेड चालत नाही. सगळं रीळ गेलं. त्याने ते काढून खिशात कोंबलं, झाकण लावलं आणि इकडेतिकडे पाहिलं. चंद्रभान छत्री धरून शेजारीच होता, पण त्याचं तोंड विहिरीकडे होतं.

तेव्हाच सांगायला हवं होतं. पण काका होते, गाव होतं, आणि दिग्दर्शक म्हणून मिरवून झालं होतं. त्याने चावी दिली आणि म्हणाला, “आणखी एकदा, मावशी.”

तसे आठ दिवस गेले. धुरपताबाई साठीची. खोल विहीर, वर मे महिन्याचं ऊन. ती शेंदायची, बन्सीधर रिकामा कॅमेरा फिरवायचा. कधी डावीकडून, कधी उजवीकडून.

चंद्रभान मात्र जीव ओतून काम करत होता. दर वेळी तो नवी घागर आणायचा. “भांडं बदललं म्हंजी बरं दिसतं,” म्हणायचा. भरलेलं पाणी विहिरीत परत ओतू द्यायचा नाही. “वतलं की पाणी गढूळ दिसतंय.” वस्तीच्या बाया भरल्या घागरी उचलून बाजूला न्यायच्या. ते बघून बन्सीधरला जास्तच मेल्यासारखं व्हायचं. हा मित्र एवढा झटतो आणि आपण असे लबाड.

म्हातारीही मागे हटेना. “ह्यो डाव नीट न्हाई झाला बाबा. आजून एक घे.”

नवव्या दिवशी सकाळी त्याला दोरावर रक्त दिसलं. तळहाताला गुंडाळलेली तिची चिंधी भिजली होती. त्याने कॅमेरा पिशवीत घातला.

“झालं, मावशी. संपला सिनेमा.”

“आजून एक दिस घे की रं.”

“नको, मावशी. पाया पडतो.”

व्यंकटरावांनी त्याच संध्याकाळी विहीर धुऊन घेतली. बन्सीधरने परभणीच्या कॉलेजात थाप मारली, रीळ धुताना खराब झालं. चंद्रभान एवढंच म्हणाला, “जाऊ दे.” पुढे बन्सीधर मानवतला मास्तर झाला. पोरांना खरं बोला म्हणून शिकवताना त्याची जीभ अडखळायची. या सगळ्यात मान वर करून आठवावी अशी एकच गोष्ट होती. नवव्या दिवशी त्याने त्या म्हातारीचे हाल थांबवले होते.

चंद्रभान दारातच उभा होता. आत धुरपताबाई बाजेवर होती, पार वाळलेली. बन्सीधर खाली बसला. तिने विचारायच्या आधीच त्याने सांगून टाकलं, झाकण, ऊन, सगळं.

“कॅमेरा रिकामा होता, मावशी. आठ दिवस मी तुम्हाला उगाच राबवलं. माझ्यासारखा पापी नाही.”



“ठावं हाय मला,” ती म्हणाली. “चंद्रभाननं झाकण उघडताना बगितलं व्हतं. पैल्याच सांजंला सांगितलं मला. मीच म्हणलं, गप ऱ्हा, बोलू नको.”

बन्सीधर बाजेजवळ सरकला. “मग विचारायचं काय होतं?”

तिने तळहात उघडले. दोराचे वळ अजून होते.

“आठ दिस समदी वस्ती त्या हिरीचं पाणी पेली. लेकरं पोटभर पेली. कॅमेरा रिकामा हाय ह्ये गावाला ठावं नव्हतं, अन् रीळ तर संपायचंच नव्हतं.” तिचा आवाज बारीक झाला. “मंग नवव्या दिशी बंद कशापायी केलास रं बाबा?”