हिरव्याचा खण

टक्.

मार्करचं टोपण निघालं, तेवढाच आवाज. दुपारची वेळ होती. लेक हॅटी सोफ्यावर झोपली होती आणि नवरा, कोल्बी, बोटीत पेट्रोल भरायला गेला होता.

मार्लाने मातकट कागदी चिकटपट्टीचा तुकडा फाडला, त्यावर 'हिरवा' असं लिहिलं आणि तो नवऱ्याच्या मासेमारीच्या आमिषांच्या पेटीत तिसऱ्या खणावर चिकटवला. मग त्या खणात तिने विटकरी लाल गांडुळं भरली. हिरवी गेली पाचव्यात, 'विटकरी' या पट्टीखाली.

मऊ प्लॅस्टिकची, बोटभर लांबीची गांडुळं. तिनेच ओतलेली, हॅटी झोपली की प्लॅस्टिक वितळवून, रंगाचे थेंब मोजून.

पंधरा दिवस पाऊस नव्हता, तलाव नितळ होता. नितळ पाण्यात बास मासा हिरव्यावर येतो, गढूळ पाण्यात काळ्या-निळ्यावर. विटकरी चालतो मार्चमध्ये. जूनमध्ये त्याच्याकडे मासा ढुंकूनही बघत नाही. अलाबामातल्या त्या गावात हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. कोल्बीलाही होतं. फक्त त्याला हिरवं, विटकरी आणि मातकट यांतला फरक दिसत नव्हता.

ही गोष्ट घराबाहेर कुणाला माहीत नव्हती. आमिषांच्या दुकानात लोक त्याला गाठून विचारायचे, "कोल्बी, उद्या कुठला रंग लावू रे?" तो टोपी मागे सारायचा, आभाळाकडे बघायचा आणि मार्लाने सकाळी सांगितलेलं सांगून टाकायचा. हे फुटलं असतं तर गावाला वर्षभर हसायला पुरलं असतं. सहा वर्षांच्या हॅटीलाही पढवून ठेवलं होतं. डॅडीचे रंग म्हणजे आपल्या तिघांचं गुपित.

पूर्वी तो तलावावरून फोटो पाठवून विचारायचा, "डावीकडचा की उजवीकडचा?" यंदा ते जवळजवळ थांबलंच होतं. शिकला एकदाचा, असं तिला वाटलं. ईस्टरला त्याने हॅटीला पावसाळी बूट आणले, तेही तिला हवे होते तसे, बरोब्बर हिरवे. "दुकानातल्या बाईला विचारलं," तो म्हणाला होता. लेकीसाठी त्याने परक्या बाईसमोर हे कबूल केलं, म्हणून मार्लाच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

उद्याची मासे पकडायची स्पर्धा शेवटची. पहिल्या दहांत आला नाही तर बोट विकायची, मामाच्या लाकडाच्या वखारीत कामाला लागायचं आणि शनिवार-रविवार घरी राहायचं, हे त्याने स्वतःच ठरवलं होतं. सप्टेंबरात दुसरं बाळ येणार होतं. हॅटी झाली तेव्हा तो टेक्ससमधल्या एका तलावावर होता.

मार्लाने पेटीचं झाकण लावलं.

कोल्बी आत आला. "झाली पेटी?"

"झाली."

"पाणी आरशासारखं आहे म्हणतात. हिरवाच ना?"

"तिसरा खण. वाचता येतं ना?"

"रंग दिसत नाही गं बाई, अक्षर दिसतं!" तो हसला, तिच्या केसांवर ओठ टेकवले. "तू नसतीस तर माझं काय झालं असतं?"

"घरी बसला असतास."

दोघंही हसली. पहाटे निघायचं असतं म्हणून तो संध्याकाळीच तलावाकडे गेला. मुक्कामाला तिथेच राहायचा तो.

शनिवारी मार्ला पहाटेच उठली. तिने स्वच्छ फरशी पुन्हा पुसली, बाळाच्या धुतलेल्या दुपट्यांच्या पुन्हा घड्या घातल्या. चार वाजता फोन आला.

"पहिला आलो, मार्ला! पहिला!"

ती खुर्चीत बसली. "कशावर?"

"तुझ्या हिरव्यावर," तो म्हणाला. "पाचही मासे."

तिने फोन ठेवला आणि ओट्याला टेकून रडली. म्हणजे मासे भर जूनमध्ये लालवर आले. त्याच्या नशिबातच होतं ते, आणि आपण बायको असून त्याच्या वाईटावर टपलो. तिने मक्याची पोळी भाजायला टाकली, गोड चहात बर्फ घातला. जेवताना सगळं सांगून टाकायचं. रागावला तर रागावू दे. राहील तलावांवर, राहू दे.

कोल्बी आला. जिंकलेला कप टेबलावर ठेवून त्याने हॅटीला खांद्यावर घेतलं, घरभर नाचवलं. मार्लाकडे मात्र त्याने नीट पाहिलं नाही. "अंगाला माशांचा वास येतोय," म्हणून आंघोळीला गेला.

"ममा, जिंकलेलं गांडूळ बघू?" हॅटीने पेटी उघडलीसुद्धा. शाळेत वाचायला शिकल्यापासून दिसेल ते अक्षर ती मोठ्याने वाचायची. "वि-ट-क-री. ममा, यात तर हिरवी आहेत! आणि दोनच उरलीत."

मार्ला पुढे आली. तिसरा खण तिने भरला होता तसाच होता, काठोकाठ. एकही गांडूळ हललं नव्हतं.

"आणि ही पट्टी आपली नाहीये."

झाकणाच्या आत, मार्लाच्या जुन्या पट्ट्यांच्या ओळीत, एक चिकटपट्टी होती. तिच्या मातकट पट्ट्यांएवढीच रुंद, पण हिरवी. कोल्बीच्या डोळ्यांना दोन्ही सारख्याच. शेजारी आणखी दोन पट्ट्या ओरबाडून काढल्याच्या खुणा होत्या. अक्षर गोल, वळणदार. हॅटी बोट ठेवून वाचू लागली, "ति-स-ऱ्यात ला-ल आहे. तो न-को, रा-जा. पा-च-वा घे."

न्हाणीघरात कोल्बी शीळ घालत होता.

हॅटीने मान वर केली. "ममा, डॅडीचे रंग आपल्या तिघांचंच गुपित ना? मग हे कुणी लिहिलं?"