हुर्योचा अनुवाद

पाहुणे साहेब इंग्रजीत बोलणार, श्रोते सगळे स्पॅनिश; दोघांच्याही कानात काचेच्या खोलीतल्या दुभाषीबाईंचाच आवाज. साहेबांनी तोंड उघडताच श्रोत्यांनी हुर्यो उडवली. बाईंनी माइक झाकून विचारलं,

"सर, शिव्याही सांगायच्या?"

"सगळं सांगायचं. आणि 'ते म्हणतात' असलं शेपूट लावायचं नाही," शेजारचे वरिष्ठ म्हणाले.

बाईंनी इमानेइतबारे सांगितलं, "खाली उतर, टोणग्या! तंगडं मोडून हातात देईन!"

साहेबांनी श्रोत्यांकडे पाहिलंच नाही. बोट थेट काचेकडे दाखवलं. त्यांचे दोन धिप्पाड अंगरक्षक धावत आले आणि दाराशी इंग्रजीत ओरडले, "हिंमत असेल तर बाहेर ये!"

 सवयीने बाईंनी तेही माइकवर स्पॅनिशमध्ये सांगून टाकलं.

अख्खं सभागृह बाह्या सरसावत त्यांच्या दाराकडे निघालं.