पाचवं घर

चहाकंपनीच्या पाहणीत दर पाचवं घरच घ्यायचं, हा नियम दिगंबर वस्तीत शिरल्यापासून सगळ्यांना ऐकवत होता. पाचव्या दाराला गोणपाटाचा पडदा दिसला. इथं कोण महाग चहा पिणार, असं वाटून त्यानं यादीत 'घर बंद' लिहिलं आणि सहावं गाठलं.

परतताना तोच पडदा सरला. "साहेब, पाचवं आमचंच ना? मघापासून कप विसळून वाट बघतेय," कौसाबाई म्हणाल्या. "इलेक्शन सोडलं तर आम्हाला कुणी काही विचारत नाही बघा."

चहा देऊन त्यांनी एकेक उत्तर आठवून आठवून दिलं. मग यादीवर वाकल्या. "वाचता येत नाही मला. पण आमचं घर कुठं लिहिलंय, तेवढं दाखवा."

"इथं," म्हणत दिगंबरनं त्या दोन शब्दांवर अंगठा टेकवला. तो उचलायचं त्याला धाडस होईना.