गोलामागची खुर्ची

चेंडू पायाशी होता, समोर एकटा गोलकीपर होता, आणि ब्रोनेक थांबला. पुन्हा.

गोलकीपरने पुढे येऊन चेंडू आयता उचलला आणि असा भिरकावला की तो थेट ओढ्यापार गेला. तो आणायला दोघं धावले. खेळ थांबला.

"जाऊ द्या," कडेला उभा असलेला एक खाणकामगार म्हणाला. "त्याला झेनोन दिसला असणार."

दिसलाच होता. तीन वर्षांपूर्वी सरावाच्या खेळात ब्रोनेकने खांद्याची धडक देऊन झेनोनला, आपल्याच संघाच्या गोलकीपरला, चेंडूसकट जाळ्यात लोटलं होतं. धडक त्या काळच्या नियमात बसणारी होती, पंचांनी गोलही दिला. झेनोन मात्र खांबावर आपटला तो उठलाच नाही. तेव्हापासून त्याच्यासारखी टोपी घातलेला प्रत्येक गोलकीपर ब्रोनेकला झेनोनच वाटे.

त्यात ती खुर्ची. क्लबचा माणूस गेला की त्याच्या बायकोसाठी वर्षभर गोलामागे खुर्ची मांडायची, ही पेनसिल्व्हेनियातल्या त्या पोलिश वस्तीची रीत. झेनोनची बायको गेनिया तिसऱ्या वर्षीही दर रविवारी काळ्या कपड्यांत तिथे बसत होती. ती आपल्याला शाप द्यायलाच येते, याबद्दल ब्रोनेकच्या मनात तिळमात्र शंका नव्हती.

एरवी त्याने हेही सोसलं असतं. पण आज देशाचा संघ निवडणारा माणूस न्यूयॉर्कहून आला होता. ब्रोनेक तिशीला टेकला होता. आज गोल झाला नाही, तर उरलेला जन्म खाणीत.

तो तीन वर्षांत पहिल्यांदाच खुर्चीपाशी गेला.

"गेनिया, एवढं ऐक. आज घरी जा. तू इथे दिसलीस की माझे पायच उचलत नाहीत. काय शिव्या द्यायच्यात त्या दारात येऊन ऐकतो."

गेनियाने मान वर केली. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. ती नुसती दमलेली होती.

"मी काय हौसेनं येते? वर्ष भरलं त्याच दिवशी मी क्लबात सांगितलं, खुर्ची उचला म्हणून. तर सेक्रेटरी म्हणतो, ब्रोनेक अजून गोलासमोर थबकतो, त्याचंच दुःख सरलं नाही, आणि तू तर बायको. आता चर्चमधल्या बायकाही तेच ऐकवतात."

तिने आवाज खाली आणला.

"क्लीव्हलंडला एक जण आहे. विधुर. दोन वर्षं थांबलाय बिचारा, आता किती थांबेल?"

चेंडू परत आला. पंचांनी शिट्टी तोंडाला लावली. ब्रोनेक मैदानाकडे वळला.

"झेनोनला मी मरेपर्यंत विसरायची नाही," गेनिया म्हणाली. "पण तू गोल मार रे. मला उठू दे."